अश्वातिसार : स्तंभनाची घाई आणि वैद्याचा विवेक

आपल्या या त्रैमासिकात ग्रहणी, आमवात, मधुमेह अशा विषयांवर विपुल लेखन प्रसिद्ध होते. मनुष्येतर प्राण्यांच्या व्याधींविषयी मात्र क्वचितच काही छापले जाते. आपण मनुष्याचे वैद्य आहोत, तेव्हा हे स्वाभाविकच होय. तथापि प्रत्यक्ष व्यवहार निराळा आहे. प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर, खामला, जयताळा या परिसरात ज्यांचा दवाखाना किंवा औषधालय आहे, त्यांच्याकडे लग्नसराईच्या दिवसांत वरातीच्या घोड्याचा मालक कधी ना कधी येतोच. "घोडीला हगवण लागली आहे, काहीतरी द्या," असे तो सांगतो. आणि आपण काहीतरी देतो. या 'काहीतरी देण्या'विषयीच मला आज लिहावयाचे आहे. त्याचा आरंभ मी माझ्या स्वतःच्या चुकीपासून करणार आहे, कारण दुसऱ्याच्या चुकीपासून आरंभ करण्याचा अधिकार मला नाही.

एक प्रसंग

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळा, संध्याकाळची वेळ. वरातीसाठी दोन घोड्या बाळगणारा एक गृहस्थ माझ्याकडे आला. त्याच्या मातोश्रींचा संधिवात माझ्या औषधाने आटोक्यात आला होता, म्हणून त्याचा माझ्यावर विश्वास. त्याच्या घोडीचे शिंगरू अकरा दिवसांचे होते व त्यास सकाळपासून पातळ होत होते. "डॉक्टरसाहेब, माणसाला देता तेच द्या, माप तेवढं तुम्ही सांगा," असे तो म्हणाला. मी दोन गल्ल्या पलीकडे त्याच्या गोठ्यात गेलो. शिंगराची शेपटी व मागील पाय भरलेले दिसले. ते भिंतीला टेकून उभे होते. मी कुटजघनवटी व बिल्वचूर्ण दिले, मनुष्याच्या बालमात्रेवरून अंदाजाने माप ठरविले आणि रात्रभर दूध जरा कमीच पिऊ द्या, असा लंघनाचा उपदेशही केला.

रात्री दहाच्या सुमारास मालकाचा दूरध्वनी आला. हगवण थांबली होती. तो आनंदात होता आणि, खरे सांगावयाचे तर, मीही होतो. पहाटे शिंगरू दगावले.

दुसऱ्या दिवशी आलेल्या पशुवैद्यांनी घोडीकडे बोट दाखविले. तिची कास टणक झाली होती आणि दूध गळून मागच्या पायांवर वाळले होते. याचा अर्थ एवढाच, की शिंगराने मी येण्याच्या कितीतरी आधीपासून पिणे सोडले होते. "डॉक्टर, तुम्ही शेपटी पाहिली, कास पाहिली नाही," एवढेच ते म्हणाले.

माझ्या औषधानेच ते शिंगरू गेले, असे निश्चितपणे म्हणता येणार नाही. परंतु माझ्या औषधामुळे मालक निर्धास्त झोपला, हे निश्चित. जी रात्र सलाइन आणि शुश्रूषा यांत जावयास हवी होती, ती समाधानात गेली. आपल्या औषधाने घोड्याचा जो घात होतो तो बहुधा विषासारखा होत नाही. तो वेळ हिरावून होतो. प्रस्तुत लेखातील माझे प्रतिपादन एवढेच आहे : घोड्याच्या व विशेषतः शिंगराच्या अतिसारात आपले पहिले कर्तव्य मल थांबविणे हे नसून, रुग्ण किती धोक्यात आहे हे ओळखून त्यास तत्काळ पशुवैद्याच्या हाती सोपविणे हे आहे. आणि हे केवळ आधुनिक पशुवैद्यकच सांगते असे नव्हे, तर आपले शास्त्रही याहून वेगळे सांगत नाही.

घोड्याचा कोष्ठ मनुष्याचा नव्हे

घोडा म्हणजे मोठा मनुष्य नव्हे. तो मोठ्या आकाराची शेळीही नव्हे. गाई-म्हशींच्या पोटात चारा प्रथम पुढच्या मोठ्या कप्प्यात आंबतो व नंतर पुढे सरकतो. घोड्याचे आमाशय त्याच्या देहाच्या मानाने फार लहान, साधारण ८ ते १५ लिटरचे. चाऱ्यातील तंतूंचे खरे पचन होते ते मागे, म्हणजे ज्यास पशुवैद्य 'सीकम' म्हणतात त्या सुमारे ३० लिटरच्या अंधांत्रात आणि त्यापुढील अतिविशाल बृहदांत्रात. तेथे असंख्य सूक्ष्म जीव चारा आंबवितात आणि त्यातून निर्माण होणाऱ्या आम्लांवर घोडा जगतो. पाण्याचे व क्षारांचे पुनःशोषणही तेथेच होते. या सूक्ष्म जीवांचा तोल ढळला की घोड्याचा अग्नीच ढळला, असे आपल्या परिभाषेत म्हणता येईल.

घोड्यास उलटी होत नाही. जे पोटात गेले ते परत येण्याचा मार्ग नाही. त्याच्या कोष्ठाचा हा एक विशेष जरी ध्यानात ठेवला, तरी 'देऊन तर पाहू' ही आपली वृत्ती आवरली जाईल.

मनुष्यावरील अनुभव घोड्यास लावताना किती फसगत होते, याची दोन उदाहरणे देतो. ग्रहणी व अतिसारात तक्र हे आपले हुकमी शस्त्र. परंतु प्रौढ घोड्याच्या आतड्यात दुग्धशर्करा पचविणारे विकर जवळजवळ उरलेले नसते; दही-ताकाचे घमेले त्याच्यापुढे ठेवणे म्हणजे न पचणारी साखर थेट बृहदांत्रात पाठविणे होय. दुसरे उदाहरण मलपरीक्षेचे. आममल पाण्यात बुडतो, हे सुश्रुतोक्त लक्षण आपण विद्यार्थिदशेत पाठ केले. घोड्याची लीद पाण्यात कालवून काचेच्या बरणीत ठेवली असता तळाशी जे बसते ते पुष्कळदा आम नसून वाळू असते! जमिनीवरून वैरण खाणाऱ्या घोड्याच्या बृहदांत्रात वाळू साचून अतिसार व शूल होतो. परीक्षा तीच, अर्थ मात्र निराळा.

प्रौढ घोड्यातील कारणे

पहिले कारण आहाराचे, आणि आपल्या भागात ते सर्वांत सहज आढळते. लग्नघरी उरलेली बुंदी, भात, पोळ्या कौतुकाने घोड्यापुढे टाकल्या जातात. हरभरा वा अन्य धान्य एकदम वाढविले जाते. कोरड्या कडब्यावर असलेला घोडा पहिल्या पावसानंतर एकाएकी हिरव्या गवतावर सोडला जातो. या सर्वांत पिष्ट किंवा शर्करा एकदम बृहदांत्रात पोचते, आम्लता वाढते, उपकारक जीव मरतात व त्यांतील विष रक्तात उतरते. अशा घोड्याचे पोट दोन दिवसांत सुधारले तरी खुरांच्या आतील दाह, म्हणजे लॅमिनायटिस, त्यास आयुष्यभराचे पांगळेपण देऊ शकतो.

दुसरे कारण संसर्गाचे. साल्मोनेला आणि क्लोस्ट्रिडियम जातीचे जंतू घोड्यात तीव्र बृहदांत्रशोथ निर्माण करतात. लांबचा प्रवास, उपासमार, उष्मा किंवा शस्त्रकर्म यांनी थकलेल्या घोड्यात साल्मोनेला विशेष उसळतो. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीस किंवा नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेस जो घोडेबाजार भरतो, तेथून ट्रकने शेकडो किलोमीटर आलेला घोडा घरी पोचताच आजारी पडला तर ही शक्यता प्रथम मनात आणावी. साल्मोनेला मनुष्यासही होतो; गोठ्यात खेळणारी मुले व लीद उचलणाऱ्या स्त्रिया यांना याचा धोका आहे, हे सांगणे तर आपल्या अधिकारातीलच काम आहे.

तिसरे कारण कृमींचे. बृहदांत्राच्या भित्तीत सुप्तावस्थेत राहिलेले सूक्ष्म कृमी एकाच वेळी बाहेर पडतात तेव्हा घोडा अतिसाराने झपाट्याने खंगतो.

चौथे कारण औषधांचे, आणि येथे औषधी दुकानदार बंधूंचे लक्ष मी विशेषत्वाने वेधू इच्छितो. लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन यांसारखी प्रतिजैविके, जी मनुष्यास सर्रास दिली जातात, ती घोड्यात प्राणघातक बृहदांत्रशोथ घडवू शकतात. फिनाइलब्युटाझोनसारखी वेदनाशामके दीर्घकाळ वा अधिक मात्रेत दिल्यासही बृहदांत्रात व्रण होतात. मालक सांगतो 'हगवण', परंतु त्याआधी आठवडाभर त्याने लंगड्या घोड्यास काय चारले, हे आपण विचारतो काय?

पाचवे कारण भयाचे. चरकाचार्यांनी अतिसाराच्या सहा प्रकारांत भयज व शोकज यांची गणना केली. फटाके, डीजेच्या भिंती आणि दिव्यांचा झगमगाट यांत तासन् तास उभी असलेली घोडी पातळ लीद टाकते. ते या प्रकारचेच असू शकते व विश्रांतीने थांबते. मात्र 'घाबरली असेल' या समजुतीखाली ज्वर, शूल व निरुत्साह झाकले जाऊ नयेत.

शिंगराचा अतिसार : दोन शिंगरे, दोन निर्णय

घोडी व्याल्यानंतर साधारण ७ ते १० दिवसांनी पुन्हा माजावर येते. नेमक्या याच सुमारास, म्हणजे पहिल्या व दुसऱ्या आठवड्यात, बहुतेक शिंगरांना सौम्य अतिसार होतो. पूर्वी तो घोडीच्या माजामुळे दुधात होणाऱ्या बदलाने होतो असे मानीत. आता तो शिंगराच्या आतड्यात उपकारक जीवांची वस्ती होत असताना घडणारा बदल आहे, असे मानले जाते. शिंगरू आईची ताजी लीद चाखते तेही या वस्तीसाठीच. त्यासाठी त्यास मारू नये. या अतिसारात शिंगरू खेळते, उड्या मारते, आईला पिते. त्यास कोणत्याही औषधाची गरज नसते. शेपटीखालची त्वचा कोमट पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेथे तेल किंवा तूप लावावे. एवढे पुरे.

परंतु त्याच वयात, तशीच शेपटी भरलेले दुसरे शिंगरू मरणाच्या दारात असू शकते. जन्मतः घोड्याच्या पिलात आईकडून आलेली व्याधिक्षमता जवळजवळ नसते. ती चिकातूनच मिळते, आणि चिकातील ती द्रव्ये शोषून घेण्याची आतड्याची शक्ती पहिल्या २४ तासांत संपते. ज्यास पहिल्या काही तासांत चीक मिळाला नाही, त्याच्या अतिसारामागे रक्तातील जंतुसंसर्ग असू शकतो. पहिल्या काही दिवसांत रक्तमिश्रित मल व शूल असेल तर क्लोस्ट्रिडियमचा विचार करावा लागतो. दोन-तीन महिन्यांच्या आतील शिंगरांत रोटाव्हायरस हे प्रमुख कारण असून तो एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात हातांनी, बादल्यांनी, कपड्यांनी पसरतो. दुधावाटे येणारे सूक्ष्म कृमी, क्रिप्टोस्पोरिडियम, चाटलेली माती ही आणखी कारणे. यांतील कोणते कारण आहे, हे गोठ्यात उभे राहून, नुसत्या मलाच्या वर्णावरून व गंधावरून सांगता येत नाही. त्यास प्रयोगशाळा लागते.

मात्र कोणते शिंगरू धोक्यात आहे, हे गोठ्यात उभे राहून सांगता येते. ४० किलोचे शिंगरू दिवसाकाठी आपल्या वजनाच्या सुमारे पंचमांश, म्हणजे ८ लिटरच्या आसपास दूध पिते, तेही तासातून अनेक वेळा थोडे थोडे. त्याने पिणे सोडले की काही तासांत घोडीची कास ताठते व दूध गळू लागते. म्हणून प्रथम कास पाहावी. कास मऊ, शिंगरू चपळ, तर धीर धरावा. कास ताठ, शिंगरू मलूल, तर ती घटका औषध शोधण्याची नव्हे, पशुवैद्य शोधण्याची. अशा शिंगराला 'लंघन' सांगणे हा तर अक्षम्य प्रमाद होय, कारण त्याच्या देहात साखरेचा साठा इतका अल्प असतो की काही तासांच्या उपवासानेही ते निश्चेष्ट पडू शकते. दूध तोडावयाचे किंवा कसे, तोडल्यास शिरेतून काय द्यावयाचे, हा निर्णय पशुवैद्याचाच. मी तो त्या रात्री घेतला होता.

पाण्याचा हिशेब

आपल्या मनात औषधाची मात्रा येते. पशुवैद्याच्या मनात प्रथम पाण्याचा हिशेब येतो. तो आपणही करून पाहावा. ४०० किलो वजनाच्या घोड्याच्या शरीरातील जलांश वजनाच्या ८ टक्क्यांनी घटला, तर तूट ३२ लिटरची झाली. आपल्या परिचयाच्या अर्ध्या लिटरच्या सलाइनच्या ६४ बाटल्या! आणि हे केवळ झालेले नुकसान. अतिसार चालू आहे तोवर नवे नुकसान होतच राहते. चाळीस किलोच्या शिंगरात हीच तूट ३.२ लिटरची, पण त्याची सहनशक्ती त्याहून कितीतरी कमी. या हिशेबासमोर चार गोळ्यांची पुडी ठेवून पाहावी, म्हणजे आपण कोठे उभे आहोत ते कळेल.

स्तंभनाविषयी शास्त्र काय सांगते

आमातिसारात आरंभीच संग्राही औषध देऊ नये, असा चरकाचार्यांचा चिकित्सास्थानातील अतिसाराध्यायात निःसंदिग्ध निर्देश आहे. दोष साचलेले असता त्यांना कोंडल्यास आध्मान, ग्रहणी, शोथ, गुल्म, उदर अशी उपद्रवांची मालिकाच उद्भवते, असे ते बजावतात. बृहदांत्रशोथ झालेल्या घोड्याची गती अहिफेनयुक्त वा तत्सम औषधांनी रोखू नये, हे आधुनिक पशुवैद्यकाचे सांगणे याहून भिन्न नाही. आतड्यात कोंडलेले विष रक्तात अधिक उतरते, पोट फुगते, शूल वाढतो. मनुष्याच्या बाबतीत आपण हा नियम पाळतो. घोडा दारात आला की विसरतो. कारण मालकाला मल थांबलेला पाहावयाचा असतो आणि आपल्याला मालकाचे समाधान पाहावयाचे असते.

कुटज हे उत्तम द्रव्य आहे, यात शंका नाही. परंतु त्याची कीर्ती मुख्यत्वे मनुष्याच्या प्रवाहिकेत, विशेषतः अमीबाजन्य विकारात, सिद्ध झालेली आहे; साल्मोनेलाने वा धान्याने बिघडलेल्या घोड्याच्या बृहदांत्रात तीच कीर्ती उसनी नेता येत नाही. कर्पूररसासारख्या अहिफेनयुक्त कल्पांविषयी तर वेगळे सांगावयास नकोच. औषध पाजण्याच्या रीतीतही मरण आहे. घोड्याचे मुंडके वर धरून बाटलीने किंवा बांबूच्या नळकांड्याने काढा ओतला की तो श्वासमार्गात उतरून फुफ्फुसाचा घातक शोथ होऊ शकतो. अरिष्ट निर्दोष असेल, ते पाजण्याची क्रिया निर्दोष असेलच असे नाही.

'आपल्या पूर्वजांनी नाही का केले?'

हा प्रश्न मला अनेक वैद्यमित्र विचारतात व तो रास्त आहे. शालिहोत्राची परंपरा आपली आहे. जयदत्ताचे 'अश्ववैद्यक' आणि नकुलाच्या नावाने प्रसिद्ध असलेले अश्वचिकित्साशास्त्र आजही उपलब्ध आहे. पालकाप्याचा 'हस्त्यायुर्वेद' तर पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापला. भीमथडीच्या तट्टांवर मराठ्यांनी मुलूख पालथा घातला, तो अश्वचिकित्सेची काही जाण असल्याशिवाय नव्हे.

परंतु याच परंपरेने काय सांगितले आहे, तेही पाहावे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात हत्ती, उंट, गाय, घोडा, शेळी-मेंढी यांच्या बस्तीचा विचार येतो, तो प्राण्यागणिक वेगळी साधने, वेगळी द्रव्ये व वेगळी मात्रा सांगून. मनुष्याचे माप पटीने वाढवावे, असे तेथे म्हटलेले नाही. अश्वचिकित्सेचे स्वतंत्र ग्रंथ निर्माण झाले, हाच मनुष्याचा वैद्य घोड्यास आपोआप पुरेसा होत नाही याचा पुरावा. आणि कौटिल्याने अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्ष प्रकरणात चिकित्सेतील हयगयीने घोड्याची व्याधी वाढल्यास चिकित्सेच्या खर्चाच्या दुप्पट, व त्या दोषाने घोडा दगावल्यास त्याच्या मूल्याएवढा दंड सांगितला आहे. पूर्वजांचा दाखला द्यावयाचा तर तो दंडासह द्यावा!

शालिहोत्री आपले आयुष्य घोड्यांच्या पागेत घालवीत असे. पागा गेल्या, ती गुरुशिष्यपरंपरा गेली. आपल्या हाती पोथी उरली. बीएएमएस अभ्यासक्रमात मी घोड्याच्या नाडीवर एकदाही बोट ठेवले नव्हते. ती खालच्या जबड्याच्या कडेवर लागते, निरोगी प्रौढ घोड्यात विश्रांत अवस्थेत मिनिटाला २८ ते ४४ असते, आणि ६० च्या पुढे गेली तर प्रकरण गंभीर असते, हे मला त्या शिंगराच्या मृत्यूनंतर एका पशुवैद्याने शिकविले.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार पशुचिकित्सेचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यानेच करावयाचा आहे. आपली नोंदणी त्यास चालत नाही. याउलट औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मधील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत मनुष्याबरोबर प्राण्यांचाही अंतर्भाव आहे. म्हणजेच प्राण्यांसाठी आयुर्वेदीय औषध असू शकते. ते कोणी, कोणत्या रुग्णास, केव्हा द्यावे, याचा निर्णय मात्र आपला नाही. हा भेद औषधी दुकानदारांनी विशेषतः ध्यानी घ्यावा.

मग आपण काय करावे?

हात झटकावेत, असे माझे म्हणणे नाही. आपल्या दारी आलेला मालक आपल्यावर विश्वासून आलेला असतो. त्यासाठी माझ्या दवाखान्यात मी हा क्रम ठेवला आहे.

१. प्रथम प्रश्न : वय काय? शिंगरू पीत आहे काय? घोडीची कास ताठ आहे काय? मलात रक्त आहे काय? पोट फुगले आहे काय? गेल्या आठवड्यात चारा बदलला काय, प्रवास झाला काय, कोणते औषध दिले?

२. शिंगरू मलूल असेल, पीत नसेल, ज्वर असेल, किंवा एक महिन्याच्या आतील असून खेळत नसेल, तर थांबणे नाही. प्रौढ घोड्यात ३८.५ अंश सेल्सिअसहून अधिक ताप, जलद नाडी, लालसर-काळपट हिरड्या, शूल, खूर उचलून धरणे, यांपैकी काहीही दिसल्यास तसेच. पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आपल्याच शहरात, सेमिनरी हिल्सवर आहे. शासनाच्या फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. हे दोन्ही मी भिंतीवर लिहून ठेवले आहे.

३. पशुवैद्य येईपर्यंत : सावली, स्वच्छ साध्या पाण्याची भरलेली बादली, आणि हवी तर शेजारी दुसरी क्षारयुक्त पाण्याची. साधे पाणी काढून घेऊन केवळ क्षारयुक्त ठेवू नये. बळजबरीने काही पाजू नये. धान्य, कोंडा, गूळ बंद. चांगले कोरडे गवत पुढे असू द्यावे. तट्टे व गाढवे यांना पूर्ण उपाशी ठेवल्यास रक्तात मेद वाढून तेच प्राणघातक ठरते, म्हणून लंघनाचा अर्थ येथे धान्यलंघन एवढाच.

४. आजारी जनावर वेगळे बांधावे, त्याची बादली-खरारा वेगळा ठेवावा, लीद हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

५. आपण किंवा मालकाने आधी काही दिले असल्यास त्याचे नाव, मात्रा व वेळ चिठ्ठीवर लिहून पशुवैद्यास द्यावी. लाज बाळगून लपविलेले औषध हे सर्वांत घातक औषध होय.

औषधी दुकानदार बंधूंना एवढीच विनंती की, 'जनावरासाठी' असे म्हणून कुटजारिष्ट, बिल्वावलेह, वेदनाशामके किंवा प्रतिजैविके मागितली गेल्यास प्रथम 'कोणते जनावर?' हा प्रश्न विचारावा आणि उत्तर 'घोडा' आल्यास पशुवैद्याची चिठ्ठी मागावी. एका विक्रीचा तोटा होईल. तो सोसावा.

संघटनेपुढे एक सूचना

गाईंच्या स्तनदाहासारख्या विकारांत कोरफड, हळद, चुना यांच्या पारंपरिक प्रयोगांना राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पशुवैद्यांच्या देखरेखीखाली जे स्थान दिले, तो मार्ग घोड्यांसाठीही खुला आहे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे आणि शासकीय आयुर्वेद महाविद्यालयही येथेच आहे. या दोन वास्तूंमधील अंतर काही किलोमीटरचे. ते आपण ओलांडलेले नाही. आपल्या संघटनेने पुढाकार घेऊन वर्षातून एकदा संयुक्त कार्यशाळा घ्यावी. तेथे पशुवैद्यांनी आपल्याला धोक्याची लक्षणे शिकवावीत. आपण त्यांच्यापुढे दीपन-पाचन द्रव्ये, बिल्व, मुस्ता, दाडिम यांचा विचार मांडावा. आणि सौम्य, निदान झालेल्या रुग्णांत, त्यांच्या देखरेखीखाली, नोंदी ठेवून, ही द्रव्ये घोड्यास खरोखर उपयोगी पडतात काय याची परीक्षा व्हावी. उपयोगी पडली तर शालिहोत्राची परंपरा पुन्हा जिवंत झाली असे अभिमानाने म्हणू. न पडली तर तेही याच त्रैमासिकात छापू.

तोवर मात्र संयम हेच औषध. ज्या गृहस्थाचे शिंगरू गेले, तो आजही मातोश्रींच्या औषधासाठी माझ्याकडे येतो. त्याने मला कधी दोष दिला नाही. गेल्या उन्हाळ्यात त्याची घोडी पुन्हा व्याली. नवव्या दिवशी शिंगराला पातळ झाले तेव्हा त्याचा मला दूरध्वनी आला, परंतु मी काही विचारण्यापूर्वीच तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, कास मऊ आहे, पिल्लू उड्या मारतंय, मी फक्त धुऊन काढतो." मी त्यास काहीही औषध दिले नाही.